अडकलेली वाहनं काढणारं यंत्रच बुडालं! चिखलात रुतलेली पोकलेन नेमकी कशी बाहेर काढतात?

25 मार्च 2025. लिथुआनियातल्या पाब्रादे या लष्करी सराव क्षेत्रात अमेरिकेचे चार सैनिक बेपत्ता झाले. बंद पडलेलं एक लष्करी वाहन ओढून आणायला ते निघाले होते. त्यांच्याकडे होतं एम-88 हर्क्युलस, म्हणजे अडकलेले रणगाडे बाहेर काढण्यासाठीच बनवलेलं, सुमारे 63 टनांचं वाहन.

दुसऱ्या दिवशी ते वाहन सापडलं. दलदलीत, पाणी आणि चिखलाच्या खाली पूर्ण बुडालेलं.

ते बाहेर काढायला 31 मार्चची पहाट उजाडावी लागली. पंप, क्रेन, पोकलेन, 30 टनांहून जास्त खडी, अमेरिकी नौदलाचे पाणबुडे, लिथुआनिया आणि पोलंडचं सैन्य, सगळे कामाला लागले होते. चारही सैनिकांचा मृत्यू झाला होता.

आता प्रश्न असा की, जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याला एक वाहन ओढायला इतके दिवस का लागले? याचं उत्तर समजून घेणं आपल्यालाही गरजेचं आहे. कारण अशी यंत्रं आपल्याकडेही रुततात आणि आपल्याकडे तर ती बघायला अख्खं गाव जमतं.

आपल्याकडे यंत्रं कुठे रुततात?

मुख्यतः तलावात आणि धरणाच्या पोटात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे उन्हाळ्यात ठिकठिकाणी गाळ उपसायला पोकलेन उतरतात. वरून गाळ वाळलेला दिसतो, त्याला भेगाही पडलेल्या असतात. पण ती नुसती साय असते. खाली ओल तशीच असते. साय फुटली की यंत्र पोटापर्यंत खाली.

दुसरी जागा म्हणजे पावसाळ्यातली काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. रस्त्याचं, विहिरीचं किंवा शेततळ्याचं काम पावसात सापडलं की यंत्राची चेन रुतलीच म्हणून समजा.

पण रुंद चेन असूनही ती रुतते कशी?

साधा हिशेब करू. 20 टनांच्या पोकलेनच्या दोन्ही चेन मिळून जमिनीला साधारण 4 चौरस मीटर टेकतात. म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर अर्धा किलो भार. चालताना आपण एका पायावर येतो, तेव्हा जमिनीवर जवळपास एवढाच दाब पडतो. जिथे माणूस चालू शकतो तिथे पोकलेनही जाते, असं म्हणतात ते यामुळेच.

पण हा हिशेब यंत्र स्थिर असतानाचा. भरलेली बकेट बाजूला फिरवली की सगळा भार एकाच कडेवर येतो. त्यात इंजिनाची थरथर ओल्या मातीला आणखी सैल करते. आणि घाबरून चेन फिरवत राहिलं की ती चेन खोदकाम सुरू करते, स्वतःच्याच पायाखाली.

मग सरळ ओढून का काढत नाहीत?

भाताच्या खाचरात पाय रुतलाय का कधी? सरळ वर ओढला तर पाय येतो आणि चप्पल आतच राहते. टाच जरा हलवली, वाकडी केली की 'पचक' आवाज येतो आणि पाय सुटतो. तो आवाज असतो हवा आत शिरल्याचा.

यंत्राचंही तेच. चेनखाली चिकट चिखल घट्ट बसलेला असतो. यंत्र वर उचलायला गेलं की खाली पोकळी व्हायला बघते, पण हवा आत जाऊ शकत नाही. मग वातावरणाचा दाबच यंत्राला खाली धरून ठेवतो. हा दाब चौरस मीटरला सुमारे 10 टन असतो. वरच्या 4 चौरस मीटरला कागदावर तो 40 टनांपर्यंत जातो, म्हणजे यंत्राच्या वजनाच्या दुप्पट! प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा कमी भरतो, पण यंत्राचं पोटही चिखलाला टेकलं असेल तर पकड आणखी वाढते.

लिथुआनियात हेच झालं. पाणबुड्यांना गाढ चिखलात काहीही दिसत नसताना चाचपडत पोलादी दोर जोडावे लागले. ओढायला लागल्यावर ओढणाऱ्या वाहनांचीच पकड सुटायला लागली. शेवटी आणखी दोन जड बुलडोझर जोडले, तेव्हा सुमारे दोन तासांनी ते वाहन काठाला आलं.

मग बाहेर काढायची पद्धत काय?

1. आधी थांबायचं. चेन जागेवर फिरायला लागली की रेस देणं बंद. पाणी केबिनच्या दिशेनं चढत असेल किंवा यंत्र कलत खाली जात असेल, तर आधी ऑपरेटरला सुखरूप बाहेर आणायचं. यंत्राचं नंतर बघता येतं.

2. पाणी आणि चिखल काढायचा. पंपानं पाणी उपसायचं, चेनच्या बाजूचा चिखल मोकळा करायचा, ज्या दिशेनं बाहेर यायचंय तिकडे उतार खोदायचा. यामुळे खाली हवा शिरते आणि पकड सुटते.

3. यंत्रानंच यंत्राला उचलायचं. बूम एका बाजूला फिरवून बकेटचा तळ जमिनीवर सपाट टेकवायचा आणि हळूहळू दाबायचा. त्या बाजूची चेन वर उचलली जाते. बकेटच खाली जात असेल तर तिच्याखाली जाड फळ्या टाकायच्या. उचललेली चेन फिरवून चिखल झाडायचा, यंत्र नीट आधारावर पेलून धरायचं आणि चेनखाली ओंडके सरकवायचे. मग दुसरी बाजू. यंत्र पेललेलं असताना त्याच्याखाली माणसानं जायचं नाही. शेवटी बकेट पुढे रोवून, स्वतःला ओढत सावकाश बाहेर यायचं.

4. ओढायचं ते सगळ्यात शेवटी. दोर खालच्या मजबूत फ्रेमलाच बांधायचा, बकेटच्या दातांना नाही. दोराची क्षमता आधी तपासायची. झटके द्यायचे नाहीत, दोर आधी ताणून मग सरळ रेषेत ओढायचं. आणि ओढणारं यंत्र कडक जमिनीवर उभं असलं पाहिजे. नाहीतर एकाची दोन यंत्रं अडकतात.

खरा धोका कुणाला?

बघ्यांना. ताणलेल्या पोलादी दोरात प्रचंड ताकद साठलेली असते. तो तुटला किंवा त्याचं कडं निसटलं की चाबकासारखा मागे येतो. पळायला वेळच मिळत नाही. म्हणून दोराच्या लांबीच्या किमान दीडपट अंतर राखायचं असा नियम सांगितला जातो. म्हणजे 20 मीटरचा दोर असेल तर 30 मीटर लांब. दोराच्या रेषेत तर उभंच राहायचं नाही.

आता मोबाईलवरचे असे व्हिडिओ आठवून बघा. दोर ताणलेला, लोक दहा पावलांवर, पोरं पुढे आणि रील काढणारा सगळ्यांच्या पुढे. 2019 च्या मे महिन्यात 'जेसीबी की खुदाई' ट्रेंड झालं, तेव्हा सगळा देश हसला होता. खोदकाम बघणं वेगळं. ताणलेल्या दोराजवळ उभं राहणं हा जिवाशी खेळ आहे.

मग घाई का होते?

कारण पैसा. पोकलेन तासाच्या भाड्यावर चालते. रुतली की भाडं थांबतं, हप्ता थांबत नाही. मालक फोनवर, कंत्राटदार डोक्यावर आणि 'अजून जोर लाव' म्हणणारी गर्दी काठावर. केबिनमधल्या ऑपरेटरवर या सगळ्याचं दडपण असतं. बहुतेक चुकीचे निर्णय या पहिल्या तासातच होतात.

पुढच्या वेळी कुठे पोकलेन रुतलेली दिसली, तर 30 मीटर मागे उभे राहा आणि शेजारच्यालाही मागे ओढा. व्हिडिओ झूम करूनही निघतो.