हायड्रोजेलची परीक्षा आपल्या वॉर्डांत घ्या

प्रति,
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद
आणि
आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य



देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, हे परिषदेच्याच अभ्यासाने २०२३ साली सांगितले. त्यांतल्या कित्येकांचा पाय चपलेने आलेल्या साध्या फोडापासून चिघळतो. कल्चरचा रिपोर्ट येतो तेव्हा एकेका औषधापुढे ‘आर’ लिहिलेला असतो. जंतू त्याला दाद देत नाहीत. मग आधी बोट जाते, नंतर पाऊल.

रक्तातून जाणारे औषध अशा पायात अनेकदा नीट पोचतच नाही, कारण रक्तवाहिन्याच अरुंद झालेल्या असतात. जे थोडे पोचते ते जंतूंनी स्वतःभोवती धरलेल्या चिकट थरात अडते. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात.

म्हणूनच प्रतिजैविकाविना काम करणाऱ्या हायड्रोजेलकडे मी आशेने पाहतो. हे पाणी धरून ठेवणारे मऊ जाळे जखम ओलसर ठेवते. ओलसर जखमेवर नवी कातडी लवकर धरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांत दाखवले होते. त्या जाळ्यात कायटोसॅनसारखे धनभारित रेणू असले, की ते जंतूच्या ऋणभारित आवरणाला चिकटून ते फाडतात. (कायटोसॅन कोळंबीच्या टरफलांपासूनही बनते. मुंबईच्या ससून डॉकवर बायका रोज सोलतात तीच टरफले.) स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातील संशोधकांनी जंतुनाशक पेप्टाइड जेललाच बांधून टाकले, म्हणजे ते शरीरातल्या स्रावांत लगेच नष्ट होत नाही. अशा माऱ्यातून निसटणे जंतूला अवघड जाते. अशक्य मात्र नाही.

पण या जेलांचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झाले आहेत, तेही अनेकदा एमआरएसए या एकाच औषधप्रतिरोधी जंतूविरुद्ध. उंदराची जखम मुख्यतः कातडी आक्रसून मिटते, माणसाची तशी मिटत नाही. शिवाय आपल्याकडे मधुमेही पायाच्या जखमांत स्युडोमोनास, क्लेब्सिएला यांसारखे जंतू मोठ्या संख्येने सापडतात, आणि त्यांना बाहेरून एमआरएसएला नसलेला आणखी एक पडदा असतो. म्हणून उंदरांवर उत्तीर्ण झालेले जेल इथे नापास होऊ शकते. ही परीक्षा आपल्यासाठी दुसरे कोणी घेणार नाही.

परिषदेने पैसा द्यावा आणि राज्याने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतले सर्जरी वॉर्ड. नेहमीच्या ड्रेसिंगशी थेट तुलना करा. मृत भाग काढणे आणि पायावरचा भार कमी करणे दोन्ही गटांना सारखेच मिळावे. संसर्ग हाडात किंवा रक्तात उतरला असेल, तर अँटिबायोटिक एक दिवसही लांबता कामा नये. जंतू किती घटले एवढ्यावर समाधान मानू नका; किती पाय वाचले, जखम किती दिवसांत भरली, हे मोजा. ड्रेसिंगसाठी रोजगार बुडवून एसटीने येणाऱ्या माणसाच्या किती खेपा वाचल्या, तेही मोजा.

निष्कर्ष प्रतिकूल आले तरी जाहीर करा. अनुकूल आले, तर वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाच्या यादीत हे जेल घ्या आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचवा. तोपर्यंत कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबून खरेदी करू नका.

कळावे,
आपला,
एक नागरिक