राजा, पण कुठला?

हल्ली बारशाचं आमंत्रण आलं की नावाखाली अर्थही छापलेला असतो. आणि बऱ्याचदा तो 'राजा', 'राजपुत्र' नाहीतर थेट 'सम्राट'! संस्थानं कधीच गेली, पण आपल्या टू-बीएचकेत राजे जन्माला येतच आहेत.

आमच्याकडेही एक आलाय. दादा-वहिनीने नाव काढलंय 'रियान', अर्थ 'छोटा राजा'. आत्या म्हणून ते बाळाच्या कानात सांगायचं काम माझं. पाठीवर धपाटे खायचेच आहेत, तर कशापायी खातोय ते तरी कळू दे ना! म्हणून जरा खणलं.

हे नाव आयर्लंडचं. रायन हे मुळात तिथलं आडनाव, टिपरेरी भागातल्या घराण्यांचं. जुन्या आयरिशमध्ये 'री' म्हणजे राजा, त्यावरून हा छोटा राजा. ऐकायला झकास, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. अरबीतला 'रय्यान' वेगळाच. त्याचा राजाशी काहीएक संबंध नाही. तो म्हणजे तहान पुरती भागलेला. रोजे पाळणाऱ्यांसाठी स्वर्गाचं जे खास दार सांगितलंय, त्याचं नाव रय्यान. कतारमध्ये अल रय्यान शहर आहे, 2022 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या मॅचेस तिथे झाल्या. मला विचाराल तर हाच अर्थ भारी. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीत राजापेक्षा तहान भागलेला माणूस जास्त सुखी.

पण गंमत पुढे आहे. आयरिश 'री', लॅटिन 'रेक्स' आणि आपला 'राजन्' ही एकाच मुळाची भावंडं. राजन् चं प्राकृतात झालं 'राय', म्हणून रायगड. त्याच कुळातला 'राव'. म्हणजे कट्ट्यावर 'काय राव!' म्हणताना आपण एकमेकांना राजेच म्हणत असतो.

आता खरी अडचण. बाबांना त्यांच्या वडिलांचं नाव हवं होतं. राजाराम. आजोबा गेल्या वर्षी गेले. बाबा भांडले वगैरे नाहीत. 'तुमचं मूल, तुम्ही ठरवा,' एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. तो पेपर तासभर त्याच पानावर होता. वहिनीचंही खोटं नाही. क्लाएंट कॉलवर दररोज स्वतःच्या नावाचं स्पेलिंग सांगून ती वैतागलीय, मुलाच्या नशिबी तिला ते नकोय.

मी दादाला एवढंच कळवलं की घाई नाही. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट घालता येतं, नंतर उशिराची फी भरून 15 वर्षांपर्यंत. 'पंधरा वर्षं काय बाळ म्हणायचं का त्याला?' इति वहिनी.

आजीचा प्रश्न मात्र सुटलाय. तिने आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, त्यामुळे पणतू राजाराम झाला तरी तिच्या तोंडून हाक निघणार नाही. ती पहिल्या दिवसापासून त्याला 'रायबा' म्हणतेय, आणि परवा बाबाही तसंच म्हणताना ऐकले. बारसं रविवारी आहे. कानात काय सांगायचं ते मला अजून कोणी कळवलेलं नाही.