वीस मिनिटांत काय सांगाल?

रॉन बरासी हे नाव आपल्याकडच्या प्रशिक्षकांच्या कानावर क्वचितच पडले असेल. मेलबर्नमध्ये मात्र लहान पोरालाही ते ठाऊक असते. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा हा खेळाडू-प्रशिक्षक २०२३ मध्ये निवर्तला. वडीलही मेलबर्न क्लबचेच खेळाडू. ते १९४१ साली टोब्रुकला युद्धात मारले गेले. रॉन पुढे क्लबचे प्रशिक्षक नॉर्म स्मिथ यांच्या घरी राहून तयार झाले आणि खेळाडू म्हणून सहा विजेतेपदांचे मानकरी ठरले. मग १९६५ मध्ये, ऐन भरात असताना, आदल्या वर्षी बारा संघांत दहाव्या आलेल्या कार्लटनचे ते कर्णधार-प्रशिक्षक झाले. मेलबर्नच्या चाहत्यांना हा दगाच वाटला. १९६८ मध्ये कार्लटन विजेता होता.

पण प्रशिक्षकांनी अभ्यासावा तो कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यातला १९७० चा अंतिम सामना. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ प्रेक्षक आणि मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे. बरासींनी आदेश दिला तो हँडबॉलचा: एका हातावरचा चेंडू दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसून जवळच्या साथीदाराला द्या आणि खेळ थांबू देऊ नका. शिवाय राखीव टेड हॉपकिन्सला मैदानात उतरवले. त्याने चार गोल केले. तिसऱ्या सत्राअखेर फरक १७ वर आला आणि कार्लटनने सामना १११-१०१ असा जिंकला.

मध्यंतरातल्या त्या भाषणाची पुढे दंतकथा झाली. आम्हाला त्यातला आवेश गौण वाटतो. हँडबॉल त्या खेळाडूंना येतच होता. पण तो अडकल्यावर सुटण्यापुरता, खरा खेळ लाथेचा, अशी समजूत होती. बरासींनी त्या दिवशी फक्त परवानगी दिली. हातात नसलेले कौशल्य मध्यंतरात कोणीही शिकवू शकत नाही.

नॉर्थ मेलबर्नला त्यांनी १९७५ मध्ये पहिलेवहिले विजेतेपद मिळवून दिले, १९७७ मध्ये दुसरे. मग १९८१ मध्ये ते पुन्हा मेलबर्नकडे आले. ज्या क्लबने त्यांना डोक्यावर घेतले होते, तिथे प्रशिक्षक म्हणून पाच हंगामांत संघ एकदाही बाद फेरीत गेला नाही. खेळाडू म्हणून मिळवलेली पुण्याई प्रशिक्षकाच्या कामी येते ती इतपतच! तरीही त्याच काळात क्लबने आयर्लंडमधून आणलेल्या पोरांपैकी जिम स्टाइन्स १९९१ मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या ब्राउनलो पदकाचा मानकरी ठरला. तेव्हा बरासींना तिथून जाऊन सहा वर्षे झाली होती.

त्यांच्या खेळात मध्यंतर वीस मिनिटांचे असते. कबड्डीत आपल्याला पाचच मिनिटे मिळतात, आणि त्यातली निम्मी आपण खेळाडूंच्या चुका मोजण्यात घालवतो. पिछाडीवर असताना मध्यंतरात आपण नेमके काय सांगितले आणि त्यातले किती मैदानात उतरले, हे वाचकांनी आम्हाला जरूर लिहून कळवावे. फसलेले प्रयोगही छापू.