स्लाइस मोजण्याआधी नाडी मोजा

हृदयाचा सीटी स्कॅन करायला सांगितला, की वाशी-नेरूळकडचा रुग्ण हमखास विचारतो, ‘‘डॉक्टर, मशीन किती स्लाइसचं?’’ ६४ म्हटले की चेहरा उतरतो, १२८ म्हटले की खुलतो. जाहिरातींनी एवढे मात्र शिकवले आहे.

स्लाइस जास्त असल्या की एका फेरीत हृदयाचा मोठा भाग टिपला जातो आणि श्वास कमी वेळ रोखावा लागतो. हा फायदा खराच. पण चित्राची बारकाई ही वेगळी गोष्ट. ती ६४ स्लाइसच्या आणि त्यापुढच्या बहुतेक यंत्रांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असते. हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी २ ते ४ मिलिमीटर रुंद. म्हणजे ३ मिलिमीटरच्या रोहिणीत आडवे जेमतेम सहा ठिपके बसतात. त्यातला एक इकडचा तिकडे झाला, तर अडथळ्याच्या मापात १६-१७ टक्क्यांचा फरक! त्यात रोहिणीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेले असेल, तर समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यासारखे ते आहे त्याहून मोठे दिसते आणि अडथळाही फुगवून सांगितला जातो. बारीक स्टेंटच्या आतले तर धड दिसतच नाही.

२०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फोटॉन मोजणारे नवे यंत्र ०.२ मिलिमीटरपर्यंत पाहू शकते. पण ते महागडे. सरसकट मिळण्यासारखे नाही.

यंत्र कोणतेही असो, हृदय हलते आहे हे विसरून चालत नाही. नाडी ६०च्या आसपास असली, तर दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर निवांत असते आणि तेवढ्यात चित्र टिपता येते. नाडी ९०वर गेली की ती उसंत फार आखडते. माझ्याकडचे एक गृहस्थ पनवेलहून लोकलने उभ्याने आले, जिना चढले, वर कडक चहा घेतला आणि तसेच टेबलावर झोपले. नाडी ९२. केंद्राने त्यांना ना थांबवले, ना नाडी उतरवणारी गोळी दिली. अहवालात लिहिले, ‘हालचालीमुळे उजवी रोहिणी तपासता आली नाही.’ पुढे त्यांना कॅथेटरची अँजिओग्राफी करावीच लागली. डाय दोनदा, किरण दोनदा, पैसेही दोनदा. याला तपासणी कशी म्हणायची?

छातीत अधूनमधून दुखते, पण धोका मध्यम वाटतो, अशांसाठी हा स्कॅन उत्तम. रोहिण्या स्वच्छ निघाल्या तर निकालावर बहुतांशी विसंबता येते. मात्र अर्धा तास आधी पोहोचा, त्या दिवशी चहा-कॉफी टाळा आणि दमा असेल तर गोळी घेण्याआधी सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाय टोचण्यापूर्वीच कळवा. स्कॅनच्या वेळी नाडी किती होती आणि चित्र कितपत स्पष्ट आले, या दोन ओळी प्रत्येक अहवालात असायलाच हव्यात. नसतील, तर फिल्म घेऊन निघण्यापूर्वी काउंटरवरच त्या लिहून मागा.