एकाचें मत आणि पुढाऱ्याचें बळ

मार्च २०२२ मध्यें पुणें महानगरपालिकेची मुदत संपली व सुमारें चार वर्षें शहराचा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनें लोकनियुक्त सभागृह पुन्हां अस्तित्वांत आलें, याचें आम्हांस समाधान आहे. परंतु पुढाऱ्यानें खूण करावी आणि सभासदांनीं हात वर करावे, एवढेंच जर तेथें व्हावयाचें असेल, तर प्रशासकाची एक सही काय वाईट होती, असें करदात्यानें विचारल्यास त्यास उत्तर देणें कठीण जाईल.

या प्रश्नाचें मर्म ज्यास पाहावयाचें असेल त्यानें मंडईंत जावें. १८८६ सालीं ही अष्टकोनी इमारत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नांवानें उघडण्यांत आली. तिच्या खर्चास विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. हा पैसा आधीं गोरगरिबांच्या शिक्षणास लागावा, असें त्यांचें म्हणणें. १८७६ पासून ते नगरपालिकेचे सभासद होते, व तेही सरकारनियुक्त. गव्हर्नर-जनरलच्या स्वागताप्रीत्यर्थ एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां ३२ सभासदांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. ज्या सरकारनें खुर्ची दिली त्याच्याच मर्जीविरुद्ध तें मत होतें. तथापि केवळ अशा मतापायीं सभासदत्व जावें, असा कायदा त्या परकी अमदानींतही नव्हता. पुढें सुमारें अर्धशतकानें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें मंडईस त्याच विरोधकाचें नांव मिळालें. इमारत बहुमतानें बांधिली. नांव मात्र 'नाहीं' म्हणणाराचें राहिलें!

आज स्वराज्यांत स्थिति काय आहे? स्थानिक संस्थांतील सभासदांच्या अनर्हतेसंबंधीं महाराष्ट्रानें १९८६ सालीं केलेल्या कायद्यान्वयें पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या, किंबहुना तटस्थ राहणाऱ्या सभासदाचेंही पद जाऊं शकतें. हा कायदा अकारण झाला असें आम्ही म्हणत नाहीं. एका पक्षाच्या तिकिटावर निवडून यावें व रातोरात दुसऱ्यास विकलें जावें, या प्रकारास आळा हवाच. परंतु सौदा निराळा आणि मतभेद निराळा. म्हणूनच त्याच कायद्यांत पक्षाची पूर्वपरवानगी घेण्याची, व ती नसल्यास पक्षानें पंधरा दिवसांचे आंत क्षमा करण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्यानें पुढाऱ्याच्या एका हातीं छडी दिली, तशी दुसऱ्या हातीं किल्लीही दिली आहे. संसद व विधिमंडळें यांस लागू असलेल्या दहाव्या अनुसूचीसंबंधीं सर्वोच्च न्यायालयानेंही १९९२ सालीं किहोतो होलोहन खटल्यांत हेंच तारतम्य सांगितलें: अनर्हतेचें शस्त्र विश्वास-अविश्वासाच्या ठरावापुरतें, अथवा ज्या धोरणावर पक्षानें मतें मागितलीं त्यापुरतें असावें.

यावर कोणी म्हणेल कीं, अशी मोकळीक दिल्यास पुढारी दुबळा दिसेल. आमचें मत नेमकें उलट आहे. छडी उगारण्यास बळ लागत नाहीं. भीति असली तरी ती उगारतां येते. चारचौघांत सहकाऱ्याचें 'नाहीं' ऐकून घेणें, त्याचीं कारणें तपासणें, नंतर निर्णय करणें आणि तो चुकल्यास दोष आपल्या माथीं घेणें, यास खरें बळ लागतें. एका पारड्याचा तराजू मंडईंतला एकही गिऱ्हाईक चालूं देणार नाहीं. मग सभागृहांत तो कां चालावा?

म्हणून सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांस आमची स्पष्ट सूचना आहे. पक्षादेश महापौरांची निवड, अंदाजपत्रक व जाहीर वचनें एवढ्यांपुरताच काढावा. रस्ते, बाजार, कचरा, पाणी या बाबतींत सभासदांस आगाऊ परवानगी द्यावी, व विरुद्ध मताचीं कारणें इतिवृत्तांत नोंदवावीं. सभासदांनींही ठराव एकदां मंजूर झाल्यावर त्याच्या अंमलबजावणींत आडकाठी करूं नये. ज्याचें म्हणणें ऐकून घेतलें गेलें तो बहुधा ती करीतही नाहीं. हें करण्यास कायदा बदलावयास नको, मन मात्र बदलावें लागेल.