अटकेची नोंद कोणी पुसावी?

अमेरिकेत राज्यांतील जिल्ह्यासारख्या विभागास कौंटी म्हणतात. तेथे मनुष्य पकडला गेला की कौंटीच्या दप्तरी नांव चढते, व पुष्कळ ठिकाणी ते कोणासही पाहतां येते. पुढे तो निर्दोष सुटला तरी नोंद आपोआप जातेच असे नाही. ती पाहून मालक त्यास कामावरून परत लावतो. नोंद शोधणे, कोर्टात अर्ज करणे, कित्येक ठिकाणी फी भरणे, हे हातावर पोट असलेल्याने कसे करावे? पेनसिल्व्हानिया राज्याने २०१८ साली कायदा करून, गुन्हा शाबीत न झालेल्या खटल्यांच्या नोंदी अर्जावांचून लोकांच्या नजरेआड करण्याची सोय केली. आमच्या मते हाच न्याय होय. ज्या सरकारने नांव चढविले, त्यानेच ते उतरवावे. निर्दोष गरिबास खेटे घालावयास लावू नये.