हॅपी बर्थडे, आजी!

"मॅम, थीम काय ठेवायची आहे?"

फोनवरची मुलगी इतक्या गोड आवाजात विचारत होती की, क्षणभर वाटलं माझंच लग्न पुन्हा ठरलंय. प्रत्यक्षात विषय होता आमच्या कन्येच्या चौथ्या वाढदिवसाचा. युनिकॉर्न, जंगल सफारी, मरमेड, सुपरहीरो... एकामागून एक ऑप्शन्स. शिवाय बलून आर्च, टॅटूवाली ताई, जादूगार, पंचवीस मुलांचं खाणं आणि पंचवीस रिटर्न गिफ्ट्स. सगळं मिळून अडतीस हजार, वर टॅक्स वेगळा. मी 'कळवते हं' म्हणून फोन ठेवला आणि कॅल्क्युलेटर उघडला. फ्रीलान्सरच्या घरात देवघरानंतर तेच एक पवित्र स्थान. त्यात एका क्लायंटचं पेमेंट तीन महिने अडकलेलं (कुठला ते विचारू नका, अजून तिथेच काम करायचंय!).

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, नाही केली पार्टी तर? तर मंडळी, तुम्ही आमची सोसायटी पाहिलेली नाही. आमच्याकडे वाढदिवस म्हणजे लग्नातल्या आहेराची वही. कुणाकडे काय झालं, कुणी काय दिलं, सगळं आयांच्या डोक्यात पक्कं लिहिलेलं असतं. मार्चमध्ये एका पिल्लाच्या वाढदिवसाला खराखुरा घोडा आला होता. दोन तास पार्किंगमध्ये उभा! तेव्हापासून आमची कन्या रोज विचारत होती, "आई, माझ्या बर्थडेला कोण येणार?"

नवरोबांचं म्हणणं, क्रेडिट कार्डवर ईएमआय करू. मीही जवळपास 'हो' म्हटलंच होतं. त्याच संध्याकाळी आईचा फोन आला आणि मी तिच्याकडे भडाभडा बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मंग इकडं घेऊन ये ना तिले. चिंतामणीले जाऊ, वावरात रोडगे करू. पोरीले काय समजते थीम-बीम?"

खोटं कशाला बोलू, मी कळंबला गेले ते साधेपणाच्या प्रेमापोटी नाही. अडतीस हजार नव्हते म्हणून गेले.

पुण्यात 'माझं माहेर कळंब' म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मंचरजवळचं?" मराठवाड्यातला असेल तर त्याला धाराशिव जिल्ह्यातलं कळंब आठवतं. आमचं कळंब यवतमाळ जिल्ह्यातलं, यवतमाळहून तेवीसेक किलोमीटर, नागपूरच्या रस्त्यावर. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, चिंतामणी, तो आमचा. बाकी गावाला ग्लॅमर म्हणाल तर शून्य. लहानपणी तिथे पोचणं हाच एक प्रकल्प असायचा. पुण्याहून रेल्वेने धामणगाव नाहीतर वर्धा, आणि मग पुढे एसटीच्या खिडकीशी डोकं आपटत कळंब.

यावेळी मात्र वर्ध्याहून थेट रेल्वेने गेलो, कळंबपर्यंत! ज्यांच्या गावाला रेल्वे असतेच, त्यांना यातलं थ्रिल कळायचं नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला, तेव्हा मी पाचवी-सहावीत होते. बाबा म्हणाले होते, "तू कॉलेजला जाशील ना, रेल्वेनं जाशील." माझं कॉलेज झालं, मास कॉम झालं, लग्न झालं, मूल झालं. वर्धा ते कळंब हा जेमतेम चाळीस किलोमीटरचा पहिला तुकडा सुरू झाला २८ फेब्रुवारी २०२४ ला. तिकडे यवतमाळची जुनी शकुंतला, मूर्तिजापूरला जाणारी ती नॅरोगेज गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली आणि पुढे बंदच पडली. बाबांनी तिच्यातून भरपूर प्रवास केलेला. त्यामुळे गाडी म्हणजे हळू जाणारी, वाटलं तर उतरून पुन्हा चढता येणारी वस्तू, अशी त्यांची ठाम समजूत. नव्या रुळांवरून आम्ही भर्रकन देवळी, भिडी ओलांडून आलो, तेव्हा ते स्टेशनवर उन्हात दुपट्टा गुंडाळून उभे होते. नातीला कडेवर घेत पहिलं वाक्य काय? "आली ना रेल्वेनं! मी म्हटलंच होतं." पिढी चुकली, पण शब्द खरा केला हो बाबांनी.

मे महिन्यातलं ऊन मात्र होतं तसंच. पारा चव्वेचाळीस. एसीतून आलेल्या नवरोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबांनी कूलरच्या ताट्यांना नवा वाळा भरून ठेवला होता. त्याचा ओला वास आला आणि मी एकदम आठ वर्षांची झाले. ओसरीत बंगई (पुणेकरांसाठी : झोपाळा). बंगईवर भावाची दोन पोट्टी आणि अर्ध्या तासात आमचीही. कैरीच्या फोडी, तिखट-मीठ, डांगर, पन्हं. दुपारी बाहेर जायचं नाही हा एकच नियम, आणि तोही सगळे मोडतात.

आईने आणि वहिनीने सरगुंडे करून ठेवले होते. कणकेचा लांब दोरा काडीला गुंडाळायचा, वाळवायचा, शिजवायचा आणि आंब्याच्या रसाबरोबर ओरपायचा. कन्येने ताट बघितलं आणि ओरडली, "मँगो नूडल्स!" माझी एक मैत्रीण अमेरिकेत असते, न्यू जर्सीत. तिकडे भारतातला आंबा रीतसर येऊ लागला २००७ पासून, पण भाव असा की ती मुलाच्या वाढदिवसाला डब्यातल्याच रसावर भागवते. तिला मी ताटाचा फोटो पाठवला. तिने उत्तरात फक्त एक शिवी पाठवली.

इथे एक कबुली. 'गावाकडचं साधं सुख' असं आपण फेसबुकवर लिहितो ना, त्यातलं साधं फक्त खाणाऱ्यासाठी असतं. ते सरगुंडे दोन बायकांनी आठवडाभर बसून केलेले होते. वहिनी हसत म्हणाली, "तुमची इव्हेंटवाली बरी बाई, पैसे तरी घेते." मी पुढचे तीन दिवस भांडी घासली. नवऱ्यालाही घासायला लावली, ते बघायला शेजारच्या दोन काकू खास येऊन गेल्या.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी लवकर चिंतामणीला गेलो. तुम्ही गेला नसाल तर सांगते, हे देऊळ वर नाही, खाली आहे. जमिनीच्या पोटात. पायऱ्या उतरत जायचं आणि तळाशी कुंडाजवळ गणपती. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे तप केलं, अशी कथा. जुनं नाव कदंब, त्याचं झालं कळंब. आणि दर काही वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप वर चढतं, देवाच्या पायांना लागतं आणि मग ओसरतं, असं गावात सगळेच सांगतात. मला लहानपणी मात्र देवापेक्षा त्या पायऱ्यांचं आकर्षण. वर डोकं भाजणारं ऊन आणि एकेक पायरी उतरावं तसा गारवा. आमचं हिल स्टेशनच ते! बाबा मला खांद्यावर बसवून उतरायचे आणि मी पायऱ्या मोजायचे. आकडा दरवेळी वेगळा यायचा.

यावेळी कन्या म्हणाली, "आजोबा, चला, मोजू." बाबा वरच्या पायरीशी थांबले. चप्पल काढली, पुन्हा घातली. म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी चपला पाहतो." चपला सांभाळायला माणूस होता तिथे. मला कळायला दोन सेकंद लागले. दोन्ही टोंगळे गेलेत त्यांचे, आई फोनवर सांगत असते. मीच 'हो हो, डॉक्टरांना दाखवा' म्हणून पुढच्या कॉलला जाते. मी कन्येला खांद्यावर घेतलं आणि उतरले. ती मोजत होती, सातनंतर थेट बारा. खालून वर पाहिलं तर प्रकाशाच्या चौकोनात बाबांचं डोकं तेवढं दिसत होतं. कन्येने खालून हाक मारली, "आजोबा, इथे एसी आहे!"

संध्याकाळी ऊन उतरल्यावर वावरात. रोडगे हा खास आमच्याकडचा प्रकार, आणि यातली मजा म्हणजे रोडगे भाजायचं काम पुरुषांचं. जाडसर कणीक, तेलाचं मोहन, घट्ट गोळे. गोवऱ्या पेटवून धग बसली की गोळे त्यात सोडायचे आणि राखेत दडपून ठेवायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. भाऊ आणि बाबा विस्तवापाशी बसले. नवरोबांना रोडगे उलटायचं काम मिळालं. विहिरीच्या काठावर फोनला एक काडी रेंज होती, तिथे जाऊन त्यांनी ऑफिसला 'नेटवर्क इश्यू' असा मेसेज टाकला आणि फोन खिशात घातला. तो माणूस चार वर्षांत पहिल्यांदा सलग तीन तास बोलला असेल, तोही माझ्या बाबांशी आणि कापसाच्या भावाबद्दल!

केक? होता ना. भावाने दुपारी बाईकवरून यवतमाळहून आणला होता. चव्वेचाळीस डिग्रीत तेवीस किलोमीटर. डबा उघडला तर आत गुलाबी पाणी आणि त्यात तरंगणारा प्लास्टिकचा युनिकॉर्न. मला वाटलं, आता भोंगा वाजणार. कन्येने युनिकॉर्न उचलला, चाटला आणि भावाच्या पोट्ट्यांबरोबर त्याला चारा घालायला पळाली.

मग आईने औक्षणाचं ताट केलं. कणकेचे चार दिवे. कन्या पाटावर बसली आणि बसल्या बसल्या तिने विचारलं, "आजी, तुझा बर्थडे कधी असतो?"

आई हसली. "मले काय माहीत बाप्पा! सीतादईच्या दिवसांतला."

सीतादई म्हणजे कापसाची पहिली वेचणी करताना वावरात होणारी पूजा. दहीभाताचा नैवेद्य असतो. आईच्या आईला त्या दिवशी वावरातच कळा सुरू झाल्या, संध्याकाळी आई झाली. वर्ष? कुणी लिहून ठेवलं नाही. आधार कार्डावर १ जुलै आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. बाबांचीही १ जुलैच. तुमच्या घरातल्या साठीपुढच्या माणसांची कार्डं काढून बघा जरा, १ जून नाहीतर १ जुलै निघण्याची शक्यता दांडगी. त्या पिढीतल्या किती जणांचे वाढदिवस गुरुजींच्या सोयीने झालेत!

मला आधी गंमत वाटली आणि मग कसंतरीच झालं. ही सीतादईची गोष्ट मी एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. मी लोकांच्या मुलाखती घेऊन पोट भरते. अनोळखी माणसांना 'तुमच्या बालपणाबद्दल सांगा ना' असं आठवड्यातून दोनदा विचारते. आईला १ जुलैला 'हॅपी बर्थडे'चा मेसेज टाकते, फुलांचा जीआयएफ लावून. ती दरवर्षी 'थँक्यू बेटा' लिहिते. ती तारीख तिची नाही, हे तिने कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलंच नाही.

कन्येला मात्र हा घोर अन्याय वाटला. बर्थडे नाही? म्हणजे आजीचा कधीच नाही? ती पाटावरून उठली, आजीचा हात धरला आणि म्हणाली, "तू इथे बस. आज आपल्या दोघींचा."

"अवं, म्हातारीचं काय ओवाळता," आई म्हणत राहिली. पदर डोक्यावर घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बाबा विस्तवापाशी बसल्या जागेवरून म्हणाले, "बस ना आता, पोरगी म्हणते तर." वहिनीने कुंकू लावलं. मग प्रश्न आला दिव्यांचा. कन्येचे चार, आजीचे किती? भावाने पासष्ट म्हटलं, आईने एकसष्ट, बाबांनी दोघांनाही चूक ठरवलं. तोवर कन्येने परातीतली उरलेली कणीक ओढली होती आणि दिवे वळायला बसली होती. वाकडे, चपटे, काही तर नुसतेच गोळे. वात नीट उभी राहीना, म्हणून मधेच एक मेणबत्ती थेट रोडग्यात खुपसली.

मी ओवाळलं. आईच्या चेहऱ्यावर उजेड हलत होता आणि ती माझ्याकडे न बघता ताटाकडे बघत होती. कान लाल झाले होते तिचे.

पुण्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी कन्येने विचारलंच, "आपण युनिकॉर्नवाली पार्टी कधी करायची?" मुलं आहेत ती, संत नव्हेत. तुमच्यासारखी मीही बलून आर्चखाली फोटो काढते, पुढेही काढीन. पेमेंट आलंय एकदाचं. त्यातून ऑक्टोबरची तिकिटं काढली, वर्ध्यापर्यंतची. पहिली वेचणी कधी, ते भावाला आत्ताच विचारलं. तो म्हणाला, "अवं, पाऊस तर येऊ दे आधी! अजून पेरणी व्हायची आहे."

तारीख कळली की आईला सांगणार नाहीये. तुम्हीही सांगू नका.